आपल्या वहीत आपला हिशेब

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तालुक्याच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारून या. दुकानादुकानांत वहीची पूजा चाललेली असते. लाल कापडाची नवी वही, तिच्यावर हळदकुंकू, पानसुपारी. आपणही तिथे असतो. प्रसादाचा पेढा घेतो, राम राम करतो आणि घरी येतो. त्या वहीच्या कुठल्या तरी पानावर आपले नाव असते. कृषी केंद्राच्या वहीत आपण आहोत, अडत्याच्या वहीत आहोत, सोसायटीच्या आणि बँकेच्या वहीत तर बापाच्या काळापासून आहोत. ज्या वहीत आपला हिशेब नाही अशी एकच वही गावात आहे, ती म्हणजे आपली स्वतःची. कारण ती वही घेतलेलीच नाही.

आता कोणी म्हणेल, आमचा हिशेब आमच्या डोक्यात पक्का आहे. खरे आहे. कुणाला किती देणे आहे हे डोक्यात पक्के असते, रात्री झोप येऊ नये इतके पक्के असते. पण मी ज्या हिशेबाबद्दल बोलायला उभा आहे तो देण्याघेण्याचा नाही. हिशेब दोन तऱ्हेचे असतात. पहिला दुसऱ्याला दाखवायचा: बँकेला, सरकारला, भावकीला. तो मागे बघतो. काय झाले ते सांगतो. दुसरा स्वतःसाठी असतो, तो पुढे बघतो. उद्या अमुक केले तर काय होईल आणि तमुक केले तर काय होईल, एवढेच तो विचारतो. कारखान्यात या दुसऱ्या हिशेबासाठी पगारी माणसे बसवलेली असतात. त्याला व्यवस्थापकीय हिशेब असे भारी नाव आहे. नावाला भिऊ नका. पेरावे काय, मोडावे काय, विकावे केव्हा, हे ठरवायचा तो हिशेब आहे, आणि हे सगळे तर आपण दर वर्षी ठरवतोच. फक्त अंदाजाने ठरवतो.

एका कुंभाराची गोष्ट

इंग्लंडमध्ये जोसाया वेजवुड नावाचा एक कुंभार होता. कुंभार म्हणजे मोठा कारखानदार. राजेरजवाड्यांच्या घरी त्याची भांडी जात. १७७२ साली तिकडे मोठी मंदी आली. माल पडून राहिला, भाव पडले. तेव्हा हा गृहस्थ वह्या घेऊन बसला आणि एकेका भांड्याला किती खर्च येतो ते काढू लागला. त्याच्या ध्यानात आले की भांडी जास्त केली काय, कमी केली काय, काही खर्च तेवढेच राहतात. भाडे द्यावेच लागते, कारकुनाचा पगार द्यावाच लागतो, साचे केलेलेच असतात. माती, सरपण आणि रंग यांचा खर्च मात्र भांड्यांबरोबर वाढतो आणि घटतो. हे कळल्यावर कुठल्या मालाचा भाव किती उतरवता येतो आणि कुठला माल बंद करायचा, हे त्याला ठरवता आले. हिशेब तपासताना आपलाच मुख्य कारकून पैसे खात होता हेही सापडले, ते वेगळेच.

आपल्या शेतातही हेच दोन खर्च आहेत. पुस्तकात त्यांना स्थिर खर्च आणि बदलता खर्च म्हणतात. बैलजोडीचे पोषण, सालदाराचे साल, औताफाट्याची झीज, जुन्या कर्जाचे व्याज हे खर्च शेत पेरले तरी होतात, पडीक ठेवले तरी होतात. बियाणे, खत, निंदण, फवारणी, वेचणी हे खर्च पेरले तरच होतात.

माझ्या वहीतले आकडे सांगतो. हे आकडे माझे आहेत. तुमचे वेगळे येतील, आणि ते यावेत म्हणूनच सांगतो. कोरडवाहू कापसाचा एक एकर धरा. बियाण्याची दोन पाकिटे १,८०० रुपये, मशागत आणि पेरणी २,५००, खत ४,२००, निंदण-डवरणी ५,०००, फवारणी ३,५००. झाले १७,०००. शिवाय वेचणी आणि वाहतूक-हमाली मिळून क्विंटलमागे १,२००. पिकला पाच क्विंटल, भाव मिळाला ७,०००. म्हणजे आले ३५,०००, गेले १७,००० अधिक ६,००० असे २३,०००. उरले १२,०००.

या बारा हजारांना लगेच नफा म्हणू नका. आठ एकरांवर माझा स्थिर खर्च ६४,००० आहे, म्हणजे एकरी ८,०००. तो यातून जायचा. राहिले ४,०००. घरच्या माणसांनी त्या एकरात मिळून तीस दिवस काम केले. ३०० रुपये रोज धरला तर ९,००० झाले. नऊ हजारांच्या मेहनतीचे चार हजार मिळाले. १३३ रुपये रोज. एवढ्या रोजावर आपल्याच वावरात दुसरा कोणी मजूर येईल का? येणार नाही. आपण येतो, कारण आपण रोज विचारतच नाही.

तीन खुणा

यावरून प्रत्येकाने आपल्या शेतासाठी तीन खुणा काढून ठेवाव्यात. क्विंटलला ७,००० मिळतात, त्यातून वेचणी-वाहतुकीचे १,२०० गेले की ५,८०० उरतात. १७,००० निघायला जवळपास तीन क्विंटल पिकले पाहिजे, ही पहिली खूण. त्याखाली गेलो तर पेरणीच नुकसानीची. स्थिर खर्च धरून २५,००० निघायला साडेचार क्विंटलच्या जरा खाली, ही दुसरी खूण. घरची मजुरी धरून ३४,००० निघायला जवळपास सहा क्विंटल, ही तिसरी. आमचा उतारा पाचाचा, म्हणजे आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या मध्ये अडकलेले. कर्ज एकदम वाढत नाही, पण फिटतही नाही, ते का, हे मला या तीन खुणा काढल्यावर समजले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हिशेबाचे उत्तर प्रश्नावर अवलंबून असते. ‘या वर्षी हे वावर पेरू की पडीक ठेवू?’ असा प्रश्न असेल तर बारा हजारांकडे बघायचे. पडीक ठेवले तर स्थिर खर्च काही सुटत नाही, उलट बारा हजार बुडतात. आठातले दोन एकर पडीक ठेवले तर तेच ६४,००० सहा एकरांवर बसतात, एकरी साडेदहा हजारांच्या वर जातात. पण ‘हा धंदा पोराच्या हाती द्यावा का?’ असा प्रश्न असेल तर सगळे धरावे लागते: स्थिर खर्च, घरची मजुरी, जमिनीचा मक्ता, गुंतलेल्या भांडवलाचे व्याज. पहिल्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर देणारा घाबरून वावर पाडून ठेवतो. दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर देणारा वीस वर्षे पेरत राहतो आणि शेवटी वावर विकतो.

सरकारी हिशेबातला वाद तरी दुसरा कशाचा आहे? १९६५ साली कृषी मूल्य आयोग झाला, १९८५ पासून त्याचे नाव कृषी उत्पादन खर्च व मूल्य आयोग झाले. त्याच्याकडे खर्चाची मापे अनेक आहेत. ए-२ म्हणजे हातून गेलेला खर्च, एफएल म्हणजे घरची मजुरी, आणि सी-२ म्हणजे यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही धरून आलेला खर्च. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली; दीडपट धरली ती ए-२ अधिक एफएलवर. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हा खर्च क्विंटलला ५,१४० धरला आणि हमीभाव ७,७१० ठरला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६ आणि हमीभाव ३,६९९. माझ्या वहीत कापसाचा खर्च क्विंटलला ८,००० निघाला. मोजायची रीत तंतोतंत सारखी नाही, आणि त्यांची देशाची सरासरी आहे, तिच्यात ओलिताचा कापूसही येतो. पण फरक कुठून येतो हे सांगायचे असेल तर माझ्या हातात माझी वही हवी. ‘आम्हाला परवडत नाही’ असे म्हणणारा माणूस साहेबासमोर गाऱ्हाणे सांगतो. ‘माझा एवढा खर्च झाला, हे पाहा पान’ असे म्हणणाऱ्याशी साहेबाला वाद घालावा लागतो.

गेले ते गेले

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २०१४ चे साल आठवा. जून कोरडा गेला. मी सहा एकर पऱ्हाटी आधीच धूळपेरणीने टोबून ठेवली होती. एक सर आली, बी उगवले आणि वाळून गेले. बी, खत, मजुरी सगळे मातीत. जुलैत पाऊस आला तेव्हा घरची म्हणाली, ‘औंदा जवारी पेरा. ढोराले कडबा तरी होईन.’ मी म्हणालो, इतके पैसे घातलेत, ते जवारीतून निघतील का? ते काढायचे तर कापूसच लावला पाहिजे. कृषी केंद्रातून पुन्हा उधारीवर पाकिटे आणली. उशिराचा कापूस, पाती धरायच्या वेळी पुन्हा ओढ दिली. पिकला त्यात वेचणीनंतर खताचे पैसेही निघाले नाहीत. उन्हाळ्यात बैलांसाठी कडबा विकत आणावा लागला, आणि त्यासाठी घरचीने गळ्यातली पोत काढून दिली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

माझी चूक पावसाची नव्हती, हिशेबाची होती. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. पुस्तकात त्याला बुडीत खर्च म्हणतात. कापूस लावा नाहीतर ज्वारी पेरा, तो दोन्हीकडे गेलेलाच आहे. प्रश्न एवढाच असतो, की आज या घडीपासून पुढे काय जाईल आणि काय येईल?

आजच्या भावाने मांडून दाखवतो. जुलैचा पहिला आठवडा संपत आलाय, पहिली पेरणी गेली. दुबार कापूस: बियाणे १,८००, खत २,५००, निंदण ४,५००, फवारणी ३,५००, असे १२,३००. उशिराचा उतारा तीन क्विंटल धरा, वेचणी-वाहतूक ३,६००. खर्च १५,९००, उत्पन्न २१,०००, शिल्लक ५,१००. ज्वारी: सगळा खर्च ७,५०० धरा. उशिराच्या ज्वारीवर खोडमाशी येते, म्हणून बी जास्त टाका आणि उतारा कमी धरा. पाच क्विंटल दाणे, २,३०० भावाने ११,५००, कडब्याचे ३,०००. एकूण १४,५००, शिल्लक ७,०००. आता वाईट साल धरा. कापूस दोनच क्विंटल झाला तर आले १४,०००, गेले १४,७००. घरातून सातशे घालावे लागले. ज्वारी तीनच क्विंटल झाली आणि कडबा दोन हजारांचाच झाला तरी आले ८,९००, गेले ७,५००. आज माझ्या घरची जे दोन वाक्यांत बोलली होती ते मी एवढ्या आकड्यांतून सांगतोय.

ज्वारी दोन पिके देते

ज्वारी परवडत नाही म्हणून आपण ती सोडली. आपण तिचा हिशेब अर्धाच केला, हेही त्याचे एक कारण आहे. दाण्याला भाव नाही म्हणून पीक खोटे, असे म्हणालो. पण ज्वारीला दाणा आहे आणि कडबाही आहे. खर्च दोघांचा मिळून होतो, तो नुसत्या दाण्यावर कसा टाकता? कडबा आपल्याच गोठ्यात गेला म्हणून तो फुकट झाला नाही. नसता तर तो ज्या भावाने विकत आणावा लागला असता, त्या भावाने तो वहीत जमा धरा.

तेच घरच्या खाण्याचे. बाजारात आपली ज्वारी २३ रुपये किलोने जाते, म्हणून घरात ठेवलेली पोतीही आपण २३ रुपयांनीच मोजतो. पण घरात नसती तर किराण्याच्या दुकानातून आणावी लागली असती, आणि तिथे दुकानदार २३ ने देत नाही. खायला ठेवली ती घेण्याच्या भावाने मोजा, विकली ती विकण्याच्या भावाने मोजा.

याचा अर्थ उद्यापासून सगळ्यांनी ज्वारीच पेरावी असा नाही. सगळा गाव कापूस लावतो आणि एकटा ज्वारी पेरतो, त्याची ज्वारी पाखरे खातात आणि रानडुकरे लोळवतात. तो तोटाही हिशेबातच येतो. चार शेजाऱ्यांनी एका शिवारात मिळून पेरली तर राखण वाटली जाते. तेही मांडून पाहा.

ज्याची चणचण त्याच्या मापाने

एकरी काय उरते, हे आपण विचारतो. जमीन कमी असेल तर ते बरोबर आहे. पण आपल्यापैकी किती जणांचे शेत जमिनीअभावी अडते? मृगाच्या तोंडावर अडते ते पैशाअभावी. जे कमी आहे त्याच्या मापाने मोजावे.

सालाबादची पेरणी धरा. कापसात वेचणीच्या आधी १७,००० घालावे लागतात आणि एकरी १२,००० उरतात. रुपयामागे सत्तर पैसे. ज्वारी वेळेवर पेरली तर खर्च १०,१००, सात क्विंटल दाणे १६,१०० चे, कडबा ४,०००, म्हणजे २०,१००, उरले १०,०००. रुपयामागे नव्व्याण्णव पैसे. एकरी कापूस पुढे, रुपयामागे ज्वारी पुढे. ज्याच्याजवळ ८५,००० च आहेत आणि शेत आठ एकर आहे, त्याने नुसता कापूस लावला तर पाच एकरच होतो, उरतात ६०,०००, आणि तीन एकर पडीक राहतात. ज्वारी आठही एकरांत होते आणि उरतात ८०,०००. राहिलेल्या तीन एकरांसाठी तो कृषी केंद्राची उधारी करील तर त्या उधारीचे व्याज आधी कापसाच्या नावावर घाला, मग तुलना करा. आणि दिवाळीत वेचायला माणूस मिळत नसेल तर वेचणीच्या रोजामागे काय उरते ते काढा.

एक फवारणी, एक वेचणी

रोजच्या कामातही हा हिशेब चालतो. एकरी ९०० रुपयांची फवारणी करायची की नाही? किलोला ७० रुपये मिळतात, त्यातले १२ वेचणी-वाहतुकीला जातात, हाती ५८. म्हणजे त्या फवारणीने एकरात किमान साडेपंधरा किलो कापूस वाचला पाहिजे. तो वाचेल का, हे शेतात जाऊन बघावे लागते. गुलाबी बोंडअळीसाठी तज्ज्ञांनी माप दिलेच आहे: शंभरातली दहा बोंडे किडलेली निघाली, किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर फवारा. शेजाऱ्याचा पंप ऐकू आला म्हणून आपला पंप पाठीवर घेणे हा हिशेब नव्हे.

फरदडीचेही तसेच. जानेवारीत फुटलेली बोंडे झाडावर आहेत, ती वेचायची का? वेचणी विरळ म्हणून महाग पडेल, कवडी कापसाला भाव कमी मिळेल. तरी वेचणीपेक्षा जास्त मिळत असेल तर वेचा. पण पाणी आणि खत देऊन पीक पुढे ओढायचे, हा वेगळा निर्णय आहे. त्याचा एक खर्च या वर्षीच्या वहीत दिसतच नाही. फरदडीत अळी जगते आणि पुढच्या साली साऱ्या शिवाराच्या बोंडांत शिरते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ते बिल पुढच्या पानावर येते, पण येते आपल्याच नावावर.

विकावे केव्हा, विकावे कुठे

दिवाळीला भाव ६,९०० आहे. मार्चमध्ये ७,५०० होईल असे सगळे म्हणतात. थांबावे का? ज्याच्यावर शेकडा दोन रुपये महिन्याची उधारी आहे त्याला चार महिन्यांचे व्याज ५५२ रुपये पडते. कापूस सुकून वजनात शंभरात तीन किलो घट धरा. त्याला मार्चमध्ये ७,६८२ मिळाले तर तो दिवाळीइतकाच राहिला. ७,५०० मिळाले तर भाव वाढूनही तो तोट्यात. शेजारी बिनकर्जी, पैसा बँकेत ठेवला असता तर त्याला क्विंटलमागे ६९ रुपये मिळाले असते. त्याला ७,१८४ मिळाले की पुरे, ७,५०० ला तो फायद्यात. दोघांच्या घरात एकच कापूस, एकच खाज, पण उत्तरे दोन आणि दोन्ही बरोबर. शेजारी थांबला म्हणून आपण थांबू नये. महाग उधारी फिटेल एवढा आधी विका, राहिल्याचा मग विचार करा. आणि वाढीची गोष्ट बाजारातली आहे, तिची हमी कोणी देत नाही, हेही धरा.

दुसरा प्रश्न, विकावे कुठे? दारात व्यापारी ६,९०० रोख देतो. सीसीआयचा लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११०. आठ टक्क्यांवर ओल गेली की कपात, बारावर गेली की माल परत. आपला दहा टक्के ओलीचा आहे, दोन टक्के कपात जाऊन ७,९४८. गाडीभाडे ३,०००, दोन दिवसांचा खाडा आणि खाणेपिणे १,०००. पंधरा क्विंटल नेला तर क्विंटलला २६७ रुपये खर्च, हातात ७,६८१. व्यापाऱ्यापेक्षा एकूण पावणेबारा हजारांच्या आसपास जास्त. पण तीनच क्विंटल नेला तर क्विंटलला १,३३३ खर्च आणि हातात ६,६१५. व्यापाऱ्याला दारात दिला असता तर बरे! लहान शेतकरी व्यापाऱ्याला कापूस का देतो, तर तो अडाणी आहे म्हणून, असे शहरातली माणसे म्हणतात. तो अडाणी नाही, त्याची गाडी भरत नाही. पाच जणांनी आपापली नावे नोंदवून एकाच दिवसाची वेळ घेतली आणि गाडी एक केली, तर पाचांनाही तो भाव मिळतो.

वही कशी ठेवावी

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक वावराला वेगळे पान. डाव्या बाजूला गेले, उजव्या बाजूला आले. त्याच दिवशी लिहा. पोळ्याला आठवून लिहिलेला हिशेब म्हणजे कहाणी असते. घरच्या माणसाचे कामाचे दिवसही लिहा, पैसे दिले नसले तरी लिहा. बाई पहाटे स्वयंपाक करून वेचायला गेली आणि वीस किलो वेचून आली, तर शेजारणीला जे दोनशे दिले असते ते तिच्या नावावर मांडा. ज्या दिवसांत बाहेर कामच नव्हते, त्या दिवसांचा रोज पेरणीच्या निर्णयात धरू नका. बाहेरचा रोज बुडवून घरी राबलात तर तो धरा. धंद्याच्या वर्षाच्या हिशेबात मात्र सगळे दिवस धरा. शेवटच्या पानावर स्थिर खर्च. आणि मृगाआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून पुढच्या सालाचे मांडायचे: चांगले साल, मध्यम साल, वाईट साल. वाईट सालात किती बुडेल, तेवढे बुडाले तर घर उभे राहील का? ज्याचे उत्तर नाही असे येईल ते पीक तेवढ्या एकरांत लावू नका, चांगल्या सालात ते कितीही देत असो.

वही ठेवल्याने पाऊस पडत नाही आणि भावही वाढत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याचा तोटा वहीने मिटला असता तर वही वाटण्याचीच योजना निघाली असती. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती करावीच लागेल. पण जो तोटा बाजाराने आपल्यावर लादला आणि जो आपण न मोजता ओढवून घेतला, हे दोन वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिल्यासाठी रस्त्यावर यायचे, दुसऱ्यासाठी घरात दिव्याजवळ बसायचे.

आमच्या घरी आता वही माझ्या हातात नसते. लिहिते घरची, मी फक्त आकडे सांगतो, आणि एखादा खर्च मी विसरलो तर ती विसरत नाही. गेल्या पाच वर्षांत एक वर्ष तोट्याचे गेले. पण ते जाणार हे आम्हाला सप्टेंबरातच कळले, आणि पुढची दोन फवारण्यांची उधारी आम्ही केली नाही. पोत अजून परत झालेली नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तिची नोंद आहे, देणे म्हणून.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपल्या एका वावराचे एक पान लिहून आणावे, एवढीच विनंती करतो आणि माझे बोलणे संपवतो. राम राम.